सातव्या भोकावरची गर्दी

त्या गोल्फच्या मैदानावर खेळ रेंगाळू नये म्हणून एक मार्शल नेमलेला होता. सव्वीस वर्षं तो बॅटरीच्या गाडीत बसून मोठ्या माणसांना अदबीनं पुढं हाकत होता. हे काम गुरं वळण्याहून अवघड. गुरांना स्वतःच्या फटक्याविषयी मतं नसतात.

अलीकडं अठरा भोकांच्या फेरीला पाच तास लागू लागले. समितीनं ठरवलं, महिन्याभरात फेरी सव्वाचार तासांवर आली नाही तर मार्शलचं पद बंद. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

खेळाडूंचं म्हणणं, दोष आखणीचा. सातव्या भोकापुढं तळं आहे, तिथं गर्दी तुंबते. आखणीकाराचं म्हणणं, दोष खेळाडूंचा. एका फटक्याआधी चारदा हवेत काठी फिरवतात. समितीला दोन्ही पटलं, कारण समितीत दोन्हीकडचे लोक होते.

मार्शलनं तीन दिवस तळ्याकाठी उभं राहून घड्याळ लावलं. चौघांच्या तुकडीला सातव्यावर नऊ मिनिटं लागत, तरबेज असोत की नवशिके. आणि पहिल्या भोकावरून तुकड्या सुटत होत्या दर सात मिनिटांनी. नळ मोठा, मोरी लहान.

नियम दहा मिनिटांचा होता. पण तुकड्या सोडणारा होता मार्शलचा मेहुणा. बायकोच्या पाठचा, मार्शलनंच नोकरीला चिकटवलेला. माणूस लोण्याचा. घाईनं आलेल्याला ‘थांबा’ म्हणायला त्याची जीभच रेटत नसे. आता हे समितीला सांगावं तर त्याची नोकरी जाणार, न सांगावं तर आपली. इकडं आड, तिकडं विहीर आणि मधे सातव्याचं तळं.

सकाळी त्यानं मेहुण्याला गाठलं आणि हिशेब समजावला.

“भावोजी, लोकांना तिष्ठत ठेवणं मला नाही हो जमत.”

“नको ठेवूस. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला किती वेळ लागतो?”

“आवरती घेतली तर तीन मिनिटं.”

“मग सगळ्यांना सांग.”

“रोज येतात त्यांना?”

“त्यांना दुसऱ्या गुडघ्याची.”

महिनाअखेर फेरी चार तास दहा मिनिटांवर आली. अहवालात समितीनं आखणीकाराचं अभिनंदन केलं. त्यानं मधल्या काळात तळ्याकाठी एक बाक बसवला होता. मार्शलचं पद कायम राहिलं.

घरी बायकोनं विचारलं, माझा भाऊ नीट काम करतो ना?

“उत्तम,” तो म्हणाला. “आता तर लोक त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतात.”