दोन्ही बाजू

ती घटना आजही पाठ सोडत नाही. कागदोपत्री प्रकरण निकाली निघालं, म्हणून मीही कधी कुणाजवळ बोललो नाही.

मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सायबर कॅफे नवे होते. शहापूर-मुरबाडची पोरं तिथे बंदुकीचा खेळ खेळत आणि नेटवर त्यावर वाद घालत. दोन तालुक्यांची स्पर्धा ठरली होती. खेळात एका जागी दबा धरून मारणं चालावं की नाही, हा वाद होता. चालावं, असं टोकावड्याच्या एका मुलीने कारणं देऊन लिहिलं. ती कॉम्प्युटरच्या कोर्सला मुरबाडला येई. तिच्या लिखाणाखाली घाण मजकूर येऊ लागला. मग कुणीतरी तिच्या घरचा नंबरच तिथे टाकला.

खबर आणली शहापूरच्या एका तरुणाने.

"तू तिचा कोण?"

"कोणी नाय साहेब. वादात मी तिच्या विरुद्ध बाजूने बोलतो."

"मग तुला काय पडलंय?"

"तिचं चुकतंयच. पण मुद्द्याला धरून बोलते. आमचं चाललेलं नीट, मधेच हे घाण करतात."

"बंदुका खोट्या, शिव्या खऱ्या!" हवालदार हसले.

मुलगी वडिलांबरोबर आली. वडील खाली बघत म्हणाले, "घरी नको ते फोन येतात साहेब." ती म्हणाली, "मी देतेय उत्तरं सगळ्यांना. फक्त नंबर काढायला लावा."

कॅफेतली पोरं चौकशीला बोलावली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग मी प्रत्येकाला एकच विचारलं, "वाद कशावरून होता?" खेळणारी पोरं तिथेच पुन्हा हमरीतुमरीवर आली. दोघे मात्र बाजूलाच उभे राहिले. त्यातला एक म्हणाला,

"काय म्हाईत साहेब. पोरगी लय शानी बनत होती."

ज्यांना वादच ठाऊक नव्हता, तेच शिव्या घालत होते. थोड्या वेळाने नंबरही आपणच टाकल्याची दोघांनी कबुली दिली.

त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला हवा होता. पण बांधाच्या भांडणात करायचो तेच मी केलं. दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे दोन्हींकडून शांतता राखण्याची लेखी हमी. एका बाजूला ते दोघे, दुसऱ्या बाजूला ती. कॅफेवाल्याला चर्चेचं पानही बंद करायला लावलं.

"साहेब, मी काय केलं?" तिने विचारलं.

"तू लिहिलंच नसतंस, तर हे झालं असतं का?"

हे मी म्हणालो. तिने सही केली. पोलिसांत नाव गेलं म्हणून वडिलांनी तिचा कोर्स सोडवला.

काही दिवसांनी तो तरुण पुन्हा आला.

"आता शांत आहे ना सगळं?" मी विचारलं.

"शांत हाय. कोणी बोलतच नाय. माझ्या मुद्द्याला ती उत्तर देणार होती साहेब."

अशा शिवीगाळीत धड चर्चा टिकते का, असं आता लोक विचारतात. तिथे ती टिकली होती. त्या घाणीतही ती आणि तो तरुण एकमेकांचे मुद्दे खोडून काढत होते. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा यांना मी एका तागडीत तोललं, आणि ती चर्चा बंद पडली.

तिने सही केली त्या दिवशी जाताना तिच्या वडिलांनी हात जोडले. "उपकार झाले साहेब," म्हणाले. मी मान हलवली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.