किसनसिंगच्या जीपची तापलेली तार

कारंज्याच्या मोटार स्टँडजवळ भिवाजीचं वायरिंगचं दुकान होतं. ट्रकचे दिवे गेले, जीपचा हॉर्न मुका झाला, की डायवर लोक त्यालाच शोधत. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि शब्द उलटसुलट होऊ लागले. पाणी हवं असलं की तोंडातून 'खाट' निघायचं. गिऱ्हाइकं हसू दाबायची, ते त्याला कळायचं. मग त्यानं बोलणंच टाकलं. दुकानात यायचा, पण भिंतीकडे तोंड करून बसायचा.

दुकान उघडं ठेवलं ते त्याच्या बायकोनं, वच्छलानं. लग्न झाल्यापासून दुपारचा डबा घेऊन ती यायची आणि त्याच्या हाताशी पकड, पाना देत बसायची. बॅटरीत पाणी भरणं, बल्ब बदलणं तिला सहज जमायचं. अवघड काम आलं, की लोक अकोल्याला जायचे.

एके दिवशी कामरगावचा किसनसिंग जीप घेऊन आला.

"वयनी, दिवे लावले का जयका वास येऊन राह्यला. काल तर धूर निंगाला. लेकीले अन् तिच्या तान्ह्या लेकराले शिरपूरहून आणाचं हाय. येता येता दिवे लागतीनच. कसं करू?"

वच्छलानं दिवे लावायला सांगितलं आणि डॅशखाली हात घालून तारेवरून बोटं फिरवली. तार एका जागी तापली असती, तर सांधा ढिला म्हणता आलं असतं. पण ही सगळीच तापत होती. म्हणजे झेपेल त्याहून जास्त करंट तिच्यातून वाहत होता. पण मग फ्यूज कसा उडाला नाही? तिनं फ्यूजची डबी उघडली. आत तांब्याची जाड तार गुंडाळलेली.

"हे कोनं केलं?"

"म्याच," किसनसिंग ओशाळला. "फ्यूज घडीघडी उडे ना!"

"तो तुमाले सांगून राह्यला होता, भाऊ. तुमी त्याचं तोंड बंद केलं."

चूक कळली, पण जास्तीचा करंट कुठे गळतोय ती जागा सापडली नव्हती. गाडीभरची तार उकलायची तर दिवस मोडला असता. वच्छला जीपपाशी नुसती उभी राहिली. पाठीमागून आवाज आला, "कंदील."

भिवाजीनं भिंतीकडची मान वळवली होती. "कंदील... कंदील लाव."

किसनसिंगनं वर सूर्याकडे पाहिलं. "भर दुपारी कंदील कायले?"

भिवाजीचा चेहरा पडला. तो परत भिंतीकडे वळणार, तोच वच्छला म्हणाली, "थांबा. बल्ब म्हनता का तुमी? करंट तपासाचा, तुमचा तो दोन तारायचा बल्ब?"

त्यानं जोरजोरात मान हलवली.

तिनं जीपचे पुढचे-मागचे सगळे बल्ब काढले. डबीतली जाड तार काढून फ्यूजच्या जागी भिवाजीचा बल्ब जोडला आणि दिव्यांचं बटण ओढलं. बल्ब लख्ख पेटला. गाडीत एकही दिवा नसताना करंट वाहत होता. म्हणजे तार कुठेतरी उघडी पडून लोखंडाला टेकली होती. किसनसिंगला तिनं बल्बावर नजर ठेवायला बसवलं आणि स्वतः जीपखाली शिरली. तार हलवत हलवत ती मागे सरकली.

"इझला!" किसनसिंग ओरडला. "आता लागला! पुन्हा इझला!"

मागच्या दिव्यांची तार गाडीच्या लोखंडी सांगाड्यातल्या, चासीतल्या छिद्रातून जात होती, तिथे घासून तांबं उघडं पडलं होतं. वच्छलानं टेप काढली. भिवाजी धडपडत उठला, भिंतीचा आधार घेत जीपपाशी आला आणि छिद्राकडे बोट दाखवत म्हणाला, "रबर. अगोदर रबर घाल, वच्छले."

शब्द नेमका आला होता. वच्छला जीपखालून त्याच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, छिद्रात बसवला आणि तापून कडक झालेली तेवढी तार बदलली. डबीत खरा फ्यूज घातला. दिवे लावून तिघंही पाहत राहिले. तार थंड होती.

किसनसिंग लेकीला आणि नातवाला सुखरूप घेऊन आला, आणि ही हकीकत त्यानं स्टँडवर भेटेल त्याला ऐकवली. भिवाजीचे शब्द पुढेही चुकायचे, पण आता तो रस्त्याकडे तोंड करून बसू लागला, आणि चुकला तर दुसरा शब्द शोधू लागला.

पुढे एक ट्रकवाला आला. हातात पकड घेतलेल्या वच्छलाकडे आणि दुकानाच्या फळीवर बसलेल्या भिवाजीकडे आळीपाळीनं पाहत त्यानं विचारलं, "मेकॅनिक कोनता?"

"आमी दोघंई," वच्छला म्हणाली. "सांगा, काय झालं?"