सासूबाईंची हरकत

सौरताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरसेविका झाल्यापासून त्या दिसेल त्याला गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा सल्ला देत सुटल्या, म्हणून गल्लीनं ते त्यांना चिकटवलं. दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, दंतवैद्यालाही सांगितलं. तेही तोंडात कापसाचा बोळा असताना.

अखेर त्यांनी पालिकेकडून योजना ओढून आणलीच. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर पॅनेल, बराचसा खर्च पालिकेचा. अट एकच: गल्ली अख्खी हवी. एक गच्ची जरी गळाली, तरी योजना शेजारच्या प्रभागाला. ताईंनी दारोदार फिरून चपला झिजवल्या. "उन्हाळा दरवर्षी वाढतोय, आपण नाही तर कोण करणार?" असं म्हणत कुणाचंच न ऐकणाऱ्या शिंप्यालाही वळवलं. मग नियमाप्रमाणे पालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली: नागरिकांनी हरकती नोंदवाव्यात. असल्या नोटिशीकडे कधी कुणी ढुंकूनही बघत नाही.

या वेळी मात्र एक हरकत आली. ताईंच्याच घरातून. हरकत घेणाऱ्या त्यांच्या सासूबाई.

सगळ्या घरांना विचारताना स्वतःचं घर राहिलं, हे ताईंच्या ध्यानातही आलं नव्हतं. घरच्यांना काय विचारायचं, ते घरचेच की.

"आई, अडचण होती तर मला सांगायचं ना," जेवताना ताई म्हणाल्या.

"सुनावणीत सांगेन. तू भाजी घे."

ताईंच्या नवऱ्यानं मान खाली घातली, ती हात धुवेपर्यंत वर काढली नाही.

सुनावणीला प्रभाग समितीच्या अध्यक्ष म्हणून खुर्चीत ताईच. समोर ठेवणीतले कपडे घालून सासूबाई.

"हरकतदारांनी म्हणणं मांडावं." ताई कागदात बघत म्हणाल्या.

"अध्यक्षबाई, सकाळी मी गच्चीवर गुडघे शेकत बसते. शेजारणी आपापल्या गच्चीवरून बोलतात. घरात बोलायला वेळ आहे कुणाला? सून जगाचं हवामान सुधारतेय आणि मुलगा सुनेला भितो."

मागच्या बाकावर मुलगा खोकला.

"म्हणजे तुमचा पॅनेलला विरोध आहे?"

"छे गं. एवढं ऊन मी एकटी कुठे संपवणार? पण त्या शिंप्याकडे जाऊन तासभर बसलीस, माझ्याकडे घडीभर नाही. घरात कुणी विचारत नाही, इथे निदान फळ्यावर विचारलंय. म्हटलं, सांगून बघावं."

ताईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग अध्यक्षांची खुर्ची सोडून त्या सासूबाईंच्या बाकावर येऊन बसल्या.

"चुकलं माझं. कुठे बसता तुम्ही?"

"पूर्वेच्या कठड्याशी."

"तेवढी जागा मोकळी ठेवली तर?"

"आणि शेजारणींच्या बाजूची. नाहीतर बोलू कुणाशी, पॅनेलशी?"

पालिकेच्या अभियंत्यानं गच्चीचा नकाशा पुढे केला. सासूबाईंनी त्यावर बोटानं आपली जागा आखली आणि अभियंता 'हो' म्हणतोय असं पाहून ती थोडी वाढवूनही घेतली. हरकत मागे घेतली गेली, गल्ली अख्खी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उपरती झाल्यासारख्या गच्चीवर गेल्या आणि सासूबाईंशेजारी बसल्या. तशा सगळ्या कठड्यांवरच्या गप्पा एकदम थांबल्या.

"बस हो, खुशाल बस," सासूबाई म्हणाल्या. "पण तूच इथे आलीस, आता आम्ही बोलायचं कुणाविषयी?"