मोठ्या फायलीची सीडी

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये पेशंटला सीडी करून देणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांचा कॉम्प्युटर सीडी राइट होता होता मध्येच बंद पडायचा. मालक महाचिकट. नवा मागितला की 'बघू' म्हणायचे, आणि त्यांचं ते बघणं आठ वर्षं चाललं होतं.

ताईंनी मग कॉम्प्युटरची नस ओळखली. बाकीचे प्रोग्राम बंद करायचे, स्पीड सगळ्यात कमी ठेवायचा, टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचा आणि माउसला बोट लावायचं नाही. शेजारच्या पावतीच्या खिडकीतून मी चिडवायचो, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणून.

तरीही काही सीड्या अडायच्याच. कारण ताईंनीच एकदा सांगितलं. लहान फाईल निमूट जाते, मशीन मान टाकतं ते मोठ्या फायलीला. आणि आत डॉक्टरांना काही दिसलं की ते जास्तीचे फोटो काढायला सांगतात, तेव्हा फाईल मोठी होते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. ताईंना आदल्या दिवशीच कळायचं. असली विद्या वैऱ्यालाही मिळू नये.

मंगळवारी त्यांची धाकटी बहीण पोटाच्या स्कॅनला आली. आई गेल्यावर ताईंनीच तिला लहानाची मोठी केलेली. स्कॅन झाला, ती बाहेर बाकावर बसली, आणि आत ताईंचा कॉम्प्युटर बंद पडला.

त्यांनी तो पुन्हा चालू केला. दुसऱ्या डब्यातली सीडी घातली. पुन्हा बंद. झाकण उघडून धूळ पुसली, वायरी काढून घातल्या. फाईल केवढी आहे ते बघा, असं मी म्हटलं.

"मशीनच बिघडलंय," ताई म्हणाल्या. एरवी सीडी अडली की त्या आधी फाईल केवढी ते बघायच्या.

शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानंही आधी तेच विचारलं. ताई वायर पुन्हा घट्ट बसवू लागल्या. मग तोच म्हणाला, अर्धी अर्धी करून दोन सीड्यांवर टाका. तशा त्या बिनबोभाट निघाल्या. मशीनला काहीही झालं नव्हतं.

बहिणीनं विचारलं, "दोन कशाला गं? बाकीच्यांना तर एकच दिलीस."

"एक आपली जपून ठेवायला."

"मग ती तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे हरवेल," असं म्हणून तिनं एक सीडी ताईंच्या हातात परत दिली आणि चपला घालायला वाकली.

तिच्या डॉक्टरांना दोन्ही लागणार होत्या. ताई सीडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.