अबवोलीचं नख

अबवोलीच्या करंगळीचं नख पाहिलं की मला मळमळायचं. लांब, पिवळं, कडेला काळा मळ. त्याच नखानं ती तपकीर ओढायची, कान कोरायची आणि त्याच नखानं आमच्या टोरो मुलखातल्या तान्ह्या बाळांची तोंडं खरवडायची. बाळाच्या जिभेवर पांढरी बुरशी धरली की बायका म्हणत, "दूध आंबलंय, अबवोलीला बोलवा." म्हातारी ते पांढरं ओरबाडून काढायची, रक्त आलं की "मूळ निघालं!" म्हणायची, नख झग्याला पुसायची आणि केळ्यांची फणी काखोटीला मारून पुढच्या घरी. शी! अबवोली हे आमच्याकडे मानाचं नाव, मांजरीचं म्हणतात. तिला ते नखासकट शोभायचं.

मी दवाखान्यातली नर्स. एकदा ती माझ्या दारावरून चालली होती, तेव्हा तिला जांभळ्या औषधाची बाटली दिली. "ओरबाडू नकोस. हे लाव. आईच्या बोंडांनाही लाव." तपकिरीचा वास सोसवेना म्हणून उंबऱ्यातूनच सांगितलं, नाकावर हात धरून.

"कळलं गं, अड्येरी," माझं मानाचं नाव घेऊन ती हसली.

महिनाभरात गावात जांभळ्या ओठांची बाळं दिसू लागली. मी खूश.

मग मला मुलगी झाली. अकराव्या दिवशी तिची जीभ पांढरी पडली. मी औषध आणायला दवाखान्यात गेले, परत येते तर अंगणात अबवोलीच्या मांडीवर बाळ किंचाळतंय, हनुवटीवर जांभळट रक्त. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुझं काम अबवोलीनंच केलं बघ."

"काय केलंस हे, म्हातारे?" मी ओरडले.

तिनं करंगळी पुढे केली. नख पार जांभळं. "तू सांगितलंस तसंच. खरवडायच्या आधी नखाला औषध लावते. एकदाही चुकले नाही."

किती बाळांच्या तोंडात गेलं असेल हे नख! मी लेकीला छातीशी धरलं. तिनं तोंड लावलं, कळवळून सोडलं.

अबवोलीचा चेहरा उतरला. "मग कशानं लावायचं होतं? तू नुसती बाटली दिलीस, अड्येरी. आत ये म्हणाली नाहीस."

मी तिला आत घेतलं. तिचा हात साबणानं धुतला, नख कापलं, कापसाचा बोळा हातात दिला.

चार दिवस लेक छातीला लागली नाही. वाटीत दूध पिळून मी चमच्यानं पाजत होते, आणि शेजारी अबवोली हलक्या हातानं बोळा फिरवत होती. तिच्या अंगाचा वास तोच होता. किळस मात्र आता मला माझीच येत होती.