माझे जामीनदार

मंगळवारी सकाळी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाण्याच्या पाळीवरून मी शेजारच्या शेतातल्या माणसाला काठी मारली. त्याचा हात मोडला. दुपारी पोलिसांनी मला औंढ्याच्या ठाण्यावर नेलं.

तेव्हापासून माझ्या वागणुकीची एका माणसानं जेवढी काळजी वाहिली, तेवढी खुद्द नागनाथानंही कोण्या भक्ताची वाहिली नसेल. सगळे त्यांना काका म्हणत, पण ते आमच्या नात्यातले नव्हते. हिंगोलीच्या कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारण्यात त्यांची उमर गेली होती. निजामाच्या अमदानीत नोकरीला लागले आणि रीतसर निवृत्त झाले, पण ही निवृत्ती फक्त पगारालाच ठाऊक होती. रोज दहाला ते कोर्टासमोरच्या लिंबाखाली येऊन बसत. नव्या पट्टेवाल्यानं बारीक आवाजात नाव घेतलं की हे तिथूनच ते खणखणीत पुकारत. एकदा म्हणे त्या आवाजानं बसस्थानकावरचा एक साक्षीदार चहा टाकून पळत आला होता. घरीही कायदा सुटत नसे. काकूंनी भाजी खारट झाली का विचारलं, तर म्हणत, "आरोप नीट सांग. खारट का लई खारट? दोन्हीची सजा येगळी हाय." काकू म्हणत, "सजा एकच. उद्या तुमी रांधा."

माझे वडील वकील शोधत हिंगोलीला गेले आणि त्या लिंबाखाली रडत बसले, एवढीच आमची ओळख. मी वीस वर्षांचा होतो. मास्तरकीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. नावावर शिक्षा लागली असती, तर तो प्रवेशाचा कागद चुलीत घालण्याच्या लायकीचा ठरला असता. जामिनावर सुटल्यावर गावातला जो तो सांगे, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." मीही तेच ठरवून काकांपुढं गेलो.

"काय कबूल करून राहिला तू?" त्यांनी विचारलं.

"मारलं म्हणून."

"हाड मोडलं त्याचं. कलम तीनशे पंचवीस. सात वर्षांपर्यंतची कैद. तू एवढी पुस्तकं वाचतो, असं तुझा बाप सांगून राहिला व्हता, अन् सोताचा गुन्हा वाचला न्हाई काहून?"

शेजारी वकिलाचा कारकून बसला होता. तो म्हणाला, "काका, तो माणूस बांधावरून पडला, असं म्हणू की."

"पडला असता तर म्हटलं असतं," काका म्हणाले. "यानं मारलंय. खोटं बोलायचं न्हाई, अन् अर्धवट बी बोलायचं न्हाई." मग मला लिंबाच्या बुंध्याशी उभं करून त्यांनी तीन दिवस तयारी करून घेतली. पोलिसांपुढं दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. आरोप समजला नाही तर पुन्हा विचारायचा हक्क असतो. शिक्षा सांगण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं, हे नव्या कायद्यात आलं आहे. एकविसाच्या आतल्या पोराला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाला वेगळा विचार करावा लागतो. हे सगळं त्यांनी पाढ्यासारखं घोकून घेतलं आणि चुकलो की पहिल्यापासून म्हणायला लावलं.

तारखेला मी गुन्हा कबूल केला. शिक्षेबद्दल काय म्हणणं आहे, असं मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मागच्या बाकावरून आवाज आला, "साहेब, पोरगं बोलून राहिलंय. जरा घसा बसलाय."

साहेब हसले. "काका, तुम्ही अजून नोकरीतच आहात का?"

तेवढ्या वेळात मला वाचा आली. म्हणालो, मारलं, चुकलो, त्याच्या औषधपाण्याचं आम्ही बघतो आहोत, आणि मला मास्तर व्हायचं आहे. प्रोबेशन ऑफिसर गावात येऊन चौकशी करून गेले. पुढच्या तारखेला साहेबांनी शिक्षा न सुनावता दोन वर्षं नीट वागण्याच्या मुचलक्यावर मला सोडलं. जामीनदार म्हणून काकांनी सही केली. सही वाळायच्या आत ते म्हणाले, "साहेब, अशा सुटकेनं नोकरीला बाधा येत न्हाई, त्ये बारावं कलम हुकमात तेवढं लिवा. मागून पोराला तकलीफ नको." साहेबांनी लिहिलं.

खरा कारावास तिथून पुढं सुरू झाला. दर रविवारी काका एस.टी.नं आमच्या गावी येत आणि आधी शेजाऱ्यांकडं माझी चौकशी करून मगच माझ्याकडं वळत. मी बैलावर खेकसलो, हेही त्यांना कळे. "मुचलक्यात जनावर वगळलेलं न्हाई," ते म्हणत. नंतर मला पुढं घालून हात मोडलेल्या त्या शेजाऱ्याच्या खळ्यावर नेत आणि हात कसा आहे ते विचारायला लावत. कोर्टानं असं काही सांगितलेलं नव्हतं. वर्षभरानं तो शेजारी वैतागला. "काका, हात कवाच जुडला. आता तुमी इचारून इचारून दुखून राहिला!" त्या दिवशी आम्ही तिघांनी त्याच्याच घरी भाकरी खाल्ली.

मुदत सरली त्या रविवारी काकांनी दारात उभं राहून माझं पूर्ण नाव तीनदा पुकारलं. सगळी गल्ली बाहेर आली. "सुटलास," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. दुपारपर्यंत मी वाट बघितली, मग हिंगोलीची एस.टी. पकडली. मला दारात बघून त्यांनी विचारलं, "काहून आला? कोणाला मारलं?" मी म्हटलं, "कोणाला न्हाई." ते काकूंना म्हणाले, "मंग एक भाकर जास्त टाक."

तेव्हापासून प्रत्येक रविवारी मी तिकडं जात असे. गेल्या महिन्यात काका वारले.

मी शाळेत शिकवतो. माझ्या सेवापुस्तकात शिक्षेची नोंद नाही. रविवारी मी आता घरीच असतो.