आठव्या महिन्यातली सुई

सोनोग्राफी करताना आमच्या डॉक्टर मॅडम सतत बोलत असतात. शाळेला सुट्टी कधीपासून टाकलीस, जेवण जातंय का, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत. त्या दिवशी डहाणूच्या त्यांच्या दवाखान्यात त्या बोलता बोलता गप्प झाल्या. पोटावरून फिरणारं यंत्र एका जागी थांबलं, थोडं सरकलं, पुन्हा तिथेच आलं. मला एकतिसावा आठवडा चालू होता.

"वैशाली, हळू उठून बस. नितीनला आत बोलावू या," त्या म्हणाल्या.

नितीन माझा नवरा. डहाणू रोड स्टेशनवर तिकीट खिडकीत असतो. मी तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे आमचं पहिलं बाळ होतं.

मॅडमनी केसपेपरच्या मागे दोन गोल काढले. "बाळाच्या पोटात पाण्याचे दोन फुगे दिसतायत. एकच दिसायला हवा होता."

याला डबल बबल म्हणतात. एक फुगा जठराचा. जठराच्या पुढे आतडं सुरू होतं, तिथला रस्ता बंद असला की दुसरा फुगा तयार होतो. या दोषाचं नाव ड्युओडेनल ॲट्रेशिया. पोटातलं बाळ भोवतीचं पाणी गिळत असतं. ते पुढे सरकलं नाही की पिशवीत पाणी वाढत जातं. त्या वाढलेल्या पाण्याला पॉलिहायड्रॅमनिऑस असं लांबलचक नाव आहे. माझं पोट एवढं का दिसतंय, जुळी आहेत का, असं महिनाभर सगळे विचारत होते. त्याचं उत्तर हे होतं.

"जन्मल्यावर ऑपरेशन करून हे दुरुस्त होतं," मॅडम म्हणाल्या. "पण असं असलेल्या काही बाळांना डाउन सिंड्रोम असतो. ते बघायचं तर ॲम्निओसेंटेसिस करावी लागेल. म्हणजे पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढायचं आणि तपासायचं."

मी म्हटलं, "पण मॅडम, तिसऱ्या महिन्यातली रक्ततपासणी चांगली आली होती."

"तो अंदाज असतो गं. निदान नाही. आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे फुगे बहुतेकदा दिसतच नाहीत."

हे मुद्दाम लिहिते आहे. मी पुढचे कित्येक दिवस, आपलं काय चुकलं, कोणती तपासणी राहिली, हेच उकरत बसले होते. काहीही राहिलं नव्हतं.

आम्ही चिखल्याला घरी, सासूबाईंकडे गेलो. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठव्या महिन्यात पोटात सुई? बाळाला लागली म्हणजे?"

नितीनचंही तेच. "कळून काय फरक पडणार आहे? कसंही असलं तरी आपलंच आहे ना?"

त्याचं हे बोलणं ऐकून मला फार बरं वाटलं. तरी मला कळून घ्यायचं होतं. मी शिक्षिका आहे, कदाचित म्हणून असेल. वर्गात कोण येणार आहे हे माहीत असलं की मला तयारी करता येते.

चार दिवसांनी आम्ही सुरतच्या एका हॉस्पिटलमध्ये गेलो. आमच्याकडून मुंबईला जाण्याइतकंच हे सोयीचं. तिथले डॉक्टर गर्भातल्या बाळाच्या तपासण्या करणारे. वयाने मोठे, मराठी मोडकं बोलणारे, पण घाई न करणारे. त्यांनी आधी बाळाचं हृदय तपासलं. फीटल इको म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. हृदयात एक लहान छिद्र दिसलं. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"एक गोष्ट समजून घ्या. बाळ ठेवायचं की नाही, यासाठी ही टेस्ट नाही. बाळ येणारच आहे. कुठे यायला पाहिजे, कोण हजर पाहिजे, पहिल्या दिवशी काय काय बघायला पाहिजे, ते आपल्याला कळावं म्हणून आहे."

धोका त्यांनी लपवला नाही. या दिवसांत सुई घातल्यावर कळा सुरू होऊ शकतात, पाणी फुटू शकतं. म्हणून आधी बाळाच्या फुफ्फुसांना बळ देणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यायची, म्हणजे बाळ लवकर आलंच तर त्याला श्वास घ्यायला सोपं जाईल. ती मी डहाणूला घेतली आणि आम्ही पुन्हा सुरतला गेलो. तलासरी ओलांडताना झरीचा फाटा आला, तेव्हा माझी मुलं आता परिपाठाला उभी असतील असं मनात आलं. मी एवढी घाबरले होते की दुसरं काही सुचत नव्हतं.

आता सुईबद्दल सांगते, कारण मला हेच कोणी नीट सांगितलं नव्हतं.

उपाशी राहावं लागलं नाही. आधी बरेच कागद सह्या करायला दिले. त्यातला एक, मुलगा की मुलगी हे आम्ही विचारणार नाही आणि ते सांगणार नाहीत, याचा. मग लघवीला जाऊन यायला सांगितलं. टेबलावर थोडं डाव्या कुशीकडे कलून झोपवलं, कारण या महिन्यात सरळ उताणं झोपलं की चक्कर येते. पोट गार औषधाने पुसलं. तो गारवाच मला सगळ्यात जास्त लागला. नितीनला आत उभं राहू दिलं होतं. तो माझ्या डोक्याशी उभा होता आणि छताकडे बघत होता.

डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ कुठे आहे, वार कुठे आहे, ते बघत राहिले. बाळाने हात तिकडेच आणला म्हणून थांबले. हात बाजूला जाईपर्यंत आम्ही सगळेच थांबलो. मग सिस्टरने माझा खांदा दाबला. "बेन, पेट ढीलुं राखो." पोट सैल सोडा.

सुई गेली तेव्हा इंजेक्शनसारखी टोचली. त्यानंतर आत कोणीतरी जोरात दाबल्यासारखं झालं, पाळीच्या वेळी येते तशी एक कळ आली आणि ओसरली. दुखलं, पण मी कल्पनेत जेवढं दुखवून घेतलं होतं त्याच्या पासंगालाही पुरलं नाही. तपासणीपुरतं पाणी दोन मिनिटांत निघालं. मला फार पाणी होतं म्हणून त्याच सुईतून जास्तीचं पाणीही हळूहळू काढलं, त्याला अर्धा तास लागला. सगळ्यांनाच हे करावं लागत नाही. पाणी फिकट पिवळं, किंचित गढूळ होतं. त्यात पांढरे कण तरंगत होते. मी दचकले तर डॉक्टर म्हणाले, "बाळाच्या अंगावरचा मऊ थर आहे तो. या महिन्यात असतोच."

"बस, थई गयुं," सिस्टर म्हणाली. झालं. नितीनने तेव्हा कुठे खाली बघितलं.

पुढे तासभर पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकवले. माझा रक्तगट निगेटिव्ह म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, त्याने आईचं रक्त बाळाच्या रक्तावर उलटत नाही. आणि एक कागद दिला. पाणी गळलं, रक्त दिसलं, ताप आला, कळा येऊ लागल्या किंवा बाळ हलायचं कमी झालं, तर लगेच दवाखाना गाठा. दोन दिवस जड उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खाली ओलं लागलं. नितीन ड्युटीवर होता. आईंनी एकही प्रश्न विचारला नाही. गुडघ्यांचं दुखणं विसरून रस्त्यावर गेल्या, रिक्षा घेऊन आल्या, आणि डहाणूपर्यंत "हळू रे बाबा, हळू" एवढंच म्हणत राहिल्या. मॅडमनी तपासलं. पाणी नव्हतं. या महिन्यात होतो तसा साधा स्राव होता. परत येताना मी रडू लागले. आई म्हणाल्या, "रड. पण उगीच धावलो असं मनात आणू नकोस. पुन्हा वाटलं तर पुन्हा धावू."

तुम्हालाही हेच सांगेन. शंका आली तर जा. हसतील म्हणून थांबू नका.

रिपोर्ट दोन येतात. एक लवकरचा, मोजक्या क्रोमोसोमचा, तीन-चार दिवसांत. दुसरा सविस्तर, त्याला कॅरिओटाइप म्हणतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. उशिराच्या महिन्यात पाण्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं अवघड जातं, त्यामुळे कधी आणखी वेळ लागतो.

चौथ्या दिवशी सुरतच्या डॉक्टरांचा फोन आला. आई ओट्यावर चिकू पुसून टोपलीत लावत होत्या. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"वैशालीबेन, एकविसाव्या जोडीत एक क्रोमोसोम जास्त आहे. डाउन सिंड्रोम आहे. आज काही ठरवायचं नाही. तुम्ही जेवा, झोपा. सोमवारी दोघं या."

मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. आईंना मी समजावून सांगितलं, की बाळ सगळं शिकेल, पण सावकाश शिकेल. चेहरा थोडा वेगळा असेल. आजारपणं जास्त असतील. त्यांच्या हातातला चिकू तसाच राहिला.

"आत्ता त्याला दुखत असेल का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. आत्ता नाही."

"मग बरं," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

नितीन मात्र गप्प झाला. काय फरक पडणार आहे, असं म्हणणारा तो. ड्युटीवरून यायचा, जेवायचा, मोबाइल घेऊन बसायचा. रोज संध्याकाळी तो पोटावर हात ठेवून बाळाला दिवसभराच्या गमती सांगायचा, ते थांबलं. माझ्यातही त्याला सांभाळायची ताकद नव्हती.

सोमवारी सुरतला लहान मुलांचे सर्जन भेटले. त्यांनी ऑपरेशन समजावलं. जन्मल्यावर एक-दोन दिवसांत, बंद जागा टाळून आतड्याचा नवा जोड करायचा. नितीनने सगळं ऐकलं आणि खाली बघत विचारलं, "सर, ऑपरेशन केलंच पाहिजे का?"

मला वाटलं जमीन दुभंगली.

सर्जन रागावले नाहीत. "बाळाचं पोट बंद आहे, ते उघडायचं. डाउन आहे का नाही, ते बघून मी ऑपरेशन करत नाही. तुम्हाला भीती वाटते आहे, ती बरोबर आहे. ती घेऊन पुन्हा माझ्याकडे या. दहा वेळा या."

परतीच्या वाटेवर वापी मागे पडलं. मग त्याने गाडी कडेला घेतली. "मी काय विचारलं आज, वैशू. बाळाने ऐकलं असेल."

मी त्याच्यावर चिडले होते. खूप. पण मलाही त्या चार दिवसांत एकदा असंच काहीतरी मनात आलं होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा त्याला सांगितलं. रस्त्याच्या कडेला, ट्रक धडाधड जात असताना, आम्ही दोघं मनसोक्त रडलो. घरी आल्यावर त्याने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ नुसता ठेवून बसला.

चार आठवड्यांनी, छत्तिसावा संपताना, सुरतलाच मुलगी झाली. सगळी तयारी होती. जन्मल्या क्षणी नाकातून नळी घालून तिचं पोट रिकामं केलं, कोणी तिला चुकून दूध पाजलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिचं नाव जुई.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आम्ही चोवीस दिवस काढले. दहाव्या दिवशी पहिलं दूध दिलं, नळीतून, दोन मिलिलिटर. चमच्याच्या टोकाएवढं. ते उलटून येतं का, हे बघत नितीन काचेला नाक लावून उभा राहिला. आलं नाही. त्याने बाहेर येऊन आईंना फोन केला. "आई, पचलं!" एवढंच ओरडला.

जुई आता चौदा महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात आधाराशिवाय बसायला लागली. हृदयातलं छिद्र अजून आहे, पण लहान होत चाललंय. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी असते. सर्दी झाली की आमची धावपळ होते. हे सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

परवा मॅडमनी तलासरीच्या एका बाईला माझ्याकडे पाठवलं. बत्तिसावा आठवडा, तेच दोन फुगे. तिने सुईबद्दल विचारलं, ते सगळं मी सांगितलं. सोबत कोणीतरी घेऊन जा, प्रश्न कागदावर लिहून ने, रिपोर्ट फोनवर ऐकशील तेव्हा एकटी राहू नकोस. जुई तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्यांशी खेळत होती. त्या बाईने शेवटी हळूच विचारलं, "ताई, आधी कळलं ते बरं झालं का? नसतं कळलं तर ते दिवस तरी सुखात गेले असते."

मी विचार करून उत्तर दिलं. ते दिवस वाईट गेले, हे खरं. पण आमचं रडणं, भांडणं, घाबरणं, सगळं जुईच्या येण्याआधी होऊन गेलं. ती जन्मली तेव्हा सिस्टरने तिला क्षणभर माझ्या गालाला लावलं. त्या क्षणी मला तिचा आजार आठवला नाही. केस केवढे आहेत हिला, एवढंच मनात आलं.